शाळेविषयीच्या वृत्तांचा शोध : शोधशब्दांची निवड व उपयोग

१. विषयाचे प्रयोजन

गावातील प्राथमिक शाळेचे बरेवाईट नाव शाळेच्या आवारातच राहत नाही. वर्तमानपत्रात छापलेल्या चार ओळी पालक वाचतात, पारावर त्यांची चर्चा होते आणि पुढील जूनमध्ये त्या चर्चेचा परिणाम पटावर दिसतो. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा निर्माण करण्याचा विचार राज्यात पुढे आला. अशा दिवसांत एखाद्या शाळेचे नाव चुकून ‘बंद होणाऱ्या’ शाळांमध्ये छापले गेले आणि आठ दिवस ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर तेवढ्या अवधीत काही पालक मुलांचे दाखले काढून नेतील. मागाहून केलेला खुलासा कितीही खरा असला, तरी गेलेली मुले परत येतीलच असे नाही. यास्तव शाळेविषयी काय छापले जाते ते वेळेवर कळणे, ही प्रसिद्धीची हौस नसून शाळेच्या व्यवस्थेचे एक अंग होय.

हे काम नवे नाही. पॅरिस येथे १८७९ साली वृत्तपत्रांतील कात्रणे काढून ग्राहकांना पुरविणारी संस्था निघाली होती. शासनाच्या माहिती खात्यातही कात्रणांची पद्धत चालत आली आहे. २००३ साली गूगल कंपनीने ‘अलर्ट्स’ ही विनामूल्य सोय सुरू केली. तीत नेमून दिलेला शब्द नव्या मजकुरात आढळला की त्याची सूचना टपालपेटीत, म्हणजे ई-मेलवर, येते. मात्र यंत्र शोधते ते दिलेले शब्द. अर्थाची जबाबदारी शब्द देणाऱ्यावर राहते. म्हणून शब्दांची निवड हाच या पाठाचा मुख्य भाग आहे.

२. शोधशब्दांची निवड

उदाहरणादाखल दौंड तालुक्यातील खुटबाव हे गाव घेऊ. येथील शिक्षकाने केवळ “खुटबाव शाळा” हे दोन शब्द अवतरणचिन्हांत दिले, तर तेच शब्द त्याच क्रमाने असलेला मजकूर तेवढा मिळेल. परंतु मराठी वार्ताहर असे लिहीत नाही. तो “खुटबावच्या शाळेत”, “खुटबाव येथील प्राथमिक शाळेला” असे लिहितो. आपल्या भाषेत विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो आणि सामान्यरूपात नामाचे अंगही बदलते, पुणे–पुण्यात, शाळा–शाळेत. ही रूपे यंत्र प्रत्येक वेळी ओळखतेच असे नाही. वर्गात सामान्यरूप शिकविणाऱ्या शिक्षकाला येथे ते ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते. शोधाची ओळ पुढीलप्रमाणे करावी :

(“खुटबाव” | “खुटबावच्या” | “खुटबावला” | “खुटबावमध्ये”) (शाळा | शाळेत | शाळेच्या | शाळेला)

येथील उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा आहे. याशिवाय पुढील चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(अ) लेखनभेद. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले व १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. तत्पूर्वी ‘गांव’ असा अनुस्वार देण्याची रीत होती आणि काही लोक आजही तो देतात. म्हणून ‘खुटबांव’ हे रूपही ठेवावे. रोमन लिपीत शेवटचे अक्षर कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. दोन्ही रूपांच्या स्वतंत्र सूचना लावाव्यात. जुने कागद पाहताना तर दौंडचे नावही इंग्रजी लेखनात ‘धोंड’ असे आढळते.

(आ) शेजारची गावे. खुटबाव हे पुणे–दौंड लोहमार्गावरील यवत व केडगाव यांच्यामधील स्थानक आहे. येथील वृत्त यवत किंवा केडगाव येथील वार्ताहराकडून जाण्याचा संभव असतो. म्हणून ही दोन नावे ‘शाळा’ या शब्दासह जोडून आणखी एक सूचना लावावी.

(इ) नको असलेला मजकूर. स्थानकामुळे गाड्यांची वेळापत्रकेही सूचनांत येतील. ती टाळण्यासाठी “-वेळापत्रक” असे वजाचिन्ह लावून लिहावे. वजाबाकी जपून करावी. “-रेल्वे” असे लिहिले, तर रेल्वे स्थानकाला भेट देणाऱ्या मुलांची बातमीही गळून पडेल. समान नावांच्या बाबतीत तालुक्याचे नाव जोडावे. ‘पिंपळगाव’ एवढ्याच शब्दाने दौंड तालुक्यातील पिंपळगावाबरोबर नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंतही हाती येते.

(ई) व्यक्तिनाम. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेक मथळ्यांत शिक्षकांचे व जिल्ह्याचे नाव होते, वाडीचे नव्हते. म्हणून मुख्याध्यापकांचे नाव, त्यांची संमती घेऊन, यादीत असावे. विद्यार्थ्यांची नावे शोधशब्द म्हणून कधीही देऊ नयेत.

३. सूचना लावण्याची रीत

सूचना शाळेच्या ई-मेलवर लावावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी काम खंडित होत नाही. वारंवारता ‘दिवसातून एकदा’, भाषा ‘कोणतीही’ आणि प्रमाण ‘सर्व निकाल’ असे निवडावे. पंधरा दिवसांनी आलेल्या सूचना तपासून निरुपयोगी शब्द काढावेत व राहून गेलेले घालावेत. पहिली यादी क्वचितच पुरी पडते.

४. शोधातून निसटणारा मजकूर

सूचना आली नाही म्हणजे वृत्त आले नाही, असे समजू नये. वर्तमानपत्रांची तालुका पाने पुष्कळदा चित्ररूपाने जालावर ठेवलेली असतात. त्यांतील अक्षरे शोधात सापडत नाहीत. ग्रामवाचनालयातील अंक रोज चाळण्याचे काम म्हणून कायम राहते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतील मजकूर तर या शोधात येतच नाही आणि धोका तेथेच अधिक असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. मुलांविषयीच्या अफवेची शहानिशा करण्यासाठी गाव शाळेकडे पाहते. तेथे यंत्राचा उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी असा मजकूर दिसताच मुख्याध्यापकांना आणि पोलिसांना कळवावे, असा संकेत आधीच ठरवून ठेवावा.

५. वृत्त मिळाल्यानंतर

एका नोंदवहीत दिनांक, पत्राचे नाव, पान, मथळा, बरोबर की चूक आणि केलेली कार्यवाही असे सहा रकाने आखावेत. वृत्त चुकीचे असल्यास त्याच दिवशी पटाचा किंवा अन्य कागदाचा आधार जोडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. संपादकास खुलासा कार्यालयामार्फत जावा. शिक्षकाने स्वतः वाद घालू नये. संपादकाने दाद दिली नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते; दैनिक व साप्ताहिकाच्या बाबतीत तिची मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे. वृत्त खरे असून अप्रिय असेल, तर खुलासा नव्हे, सुधारणा करावी.

लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई आहे आणि त्या ओळखीत शाळेचे नावही येते. असे कात्रण शाळेत लावू नये व कोणत्याही गटात पुढे पाठवू नये; ते तत्काळ वरिष्ठांच्या नजरेस आणावे.

६. अभ्यास

(१) आपल्या गावाच्या नावाची सर्व विभक्तिरूपे व लेखनभेद लिहा.
(२) वृत्तात आपल्या गावाऐवजी येऊ शकतील अशी शेजारची तीन नावे सांगा.
(३) वजाचिन्हाने गाळावा असा एक शब्द निवडा व त्याबरोबर कोणते उपयुक्त वृत्त गळेल ते शोधा.
(४) केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत याद्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या याद्यांतील राहिलेले शब्द भरून द्या.