भरलेली बाटली घरी परत का येते?



"मॅडम, एक नंबरला जाऊ?" हा प्रश्न आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीला मी सवयीने म्हटलं, "आत्ताच तर मधली सुट्टी झाली ना? बस खाली." थोड्या वेळाने तिला बाकावरच लघवी झाली. संध्याकाळी तिची आई भेटली. चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जाते. म्हणाली, "चार दिवस उन्हाळी लागलीय तिला, धने-जिऱ्याचं पाणी देतेय." डिसेंबरात उन्हाळी? दवाखान्यात लघवी तपासली, तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. चूक माझीही होती, म्हणून हा पाठ.

मूत्रसंस्था कशी काम करते?

दोन मूत्रपिंडे रक्त गाळतात. तयार झालेली लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ३०० मिलि लघवी मावते, म्हणजे दीड पेलाभर. लघवी बाहेर पडताना जंतूही धुऊन नेते. ती तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बहुतेक वेळा हे जंतू आतड्यातले ई. कोलाय असतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड आणि शौचाच्या जागेजवळ असतो, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. बद्धकोष्ठता असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि लघवी पूर्ण होत नाही.

मुलं लघवी का रोखतात?

त्या मुलीची बाटली रोज भरलेलीच घरी जायची. विचारलं तर म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतं, आणि तिथं वास येतो." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत, पण नुसत्या भिंती पुरत नाहीत, पाणी लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये तर नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. म्हणून ड्रम भरून ठेवायची जबाबदारी कोणाची, हे शाळेत ठरलेलं हवं.

ही लक्षणे ओळखा

- लघवीला जळजळ, सारखी घाई, थेंबथेंब होणे
- गढूळ किंवा उग्र वासाची लघवी, ओटीपोटात दुखणे
- अंथरुणात न करणारं मूल पुन्हा करू लागणे

ताप, थंडी, उलटी, पाठीत किंवा कुशीत दुखणे किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण त्याने जंतू मरत नाहीत. उन्हात कमी पाणी प्यायल्याने झालेली जळजळ आणि संसर्ग यांतला फरक लघवीच्या तपासणीत कळतो. डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स बरं वाटलं तरी मध्येच सोडू नये. पुन्हा पुन्हा संसर्ग झाला तर सोनोग्राफी करायला सांगतात.

वर्गात आणि घरी काय करू या?

१. लघवीला जायला कधीही नाही म्हणू नका. दर दोन-तीन तासांनी जायची सवय लावा.

२. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू केली. आपणही तासाच्या शेवटी "दोन घोट पाणी" म्हणू शकतो.

३. मुलींना शौचानंतर पुढून मागे धुवायला शिकवा.

४. पालकहो, संध्याकाळी दप्तरातली बाटली बघा. भरलेली असेल तर रागावू नका, कारण विचारा.

आणि स्वतःकडेही बघा. शिफ्ट संपेपर्यंत लघवी रोखणारी आई आणि भट्टीजवळ घाम गाळून पाणी न पिणारे वडील यांनाही संसर्ग आणि मुतखड्याचा धोका असतो.

आता माझ्या वर्गात कोणी बोट वर केलं की मी मानेनेच "जा" म्हणते. ती मुलगी परवा रिकामी बाटली दाखवून म्हणाली, "मॅडम, संपली!"