जुना लॅपटॉप, बाह्य हार्ड डिस्क आणि विजेचा हिशेब

मुळशी तालुक्याचे नाव गेल्या शंभर वर्षांपासून विजेशी जोडलेले आहे. मुळा नदीवरील टाटांचे धरण, त्यात बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह आणि १९२७ पासून कोकणातील भिरा येथे याच पाण्यावर चालणारे वीजगृह हा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. आज या तालुक्याच्या पूर्वेकडे हिंजवडीची संगणक-उद्योगनगरी उभी आहे, तर पश्चिमेस ताम्हिणी घाटाच्या मुसळधार पावसात वसलेली लहान लहान गावे आहेत.

मोठ्या कार्यालयांतून काही वर्षांच्या वापरानंतर बाजूला काढलेले लॅपटॉप दुरुस्त होऊन कमी किमतीत बाजारात येतात. विद्यार्थी, शाळा, बचत गट आणि छोटे व्यावसायिक यांना ते परवडतात. अशा लॅपटॉपची साठवण-क्षमता बहुधा अपुरी असते. म्हणून त्याला एक बाह्य हार्ड डिस्क जोडली जाते आणि हळूहळू सगळा महत्त्वाचा ऐवज तिच्यात जमा होतो. बचत गटाचे दहा वर्षांचे हिशेब, जमिनीच्या कागदांच्या छायाप्रती, मुलांच्या अभ्यासाच्या टिपणी, दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे असे सारे काही तिच्यात असते. लॅपटॉप बिघडला तर दुसरा मिळतो, पण हा ऐवज गेला तर तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

असा ऐवज गमावण्याची वेळ येते तेव्हा दोष सरसकट हार्ड डिस्कला दिला जातो. वस्तुतः अनेकदा मूळ कारण विजेच्या तुटवड्यात किंवा साचलेल्या उष्णतेत असते. ही दोन्ही कारणे साध्या गणिताने समजतात आणि थोड्या शिस्तीने टाळता येतात.

पोर्टमधून किती वीज मिळते?

विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाची वीज मिळते. यूएसबी २.० या जुन्या प्रकारच्या पोर्टने ०.५ अँपिअर प्रवाह द्यावा असे प्रमाण आहे. म्हणजे वीज झाली अडीच वॅट. त्यानंतरच्या यूएसबी ३.० प्रकारात हे प्रमाण ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट आहे. या पोर्टमधील प्लॅस्टिकची पट्टी बहुधा निळी असते, त्यावरून तो ओळखता येतो.

आता हार्ड डिस्कची गरज पाहू. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमधील तबकड्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेतात. एकदा फिरू लागल्यावर तिला साधारण दोन ते अडीच वॅट पुरतात. परंतु थांबलेली तबकडी फिरवण्यास आरंभी काही सेकंद अधिक जोर लागतो. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना लागतो तसाच हा जोर असतो. त्या क्षणी डिस्क एक अँपिअरच्या जवळपास, म्हणजे पाच वॅटपर्यंत वीज मागू शकते. जुना पोर्ट तेवढी देण्यास बांधलेला नसतो. अनेक यंत्रे प्रमाणापेक्षा थोडी अधिक वीज देतात म्हणून काम निभावते. परंतु यंत्र जुने, तार लांब व बारीक आणि शेजारच्या पोर्टमध्ये आणखी एखादे उपकरण असेल, तर दाब पाच व्होल्टच्या बराच खाली उतरतो.

याची लक्षणे ठरावीक असतात. डिस्क टक टक असा आवाज करते, फिरू लागते आणि पुन्हा थांबते. कधी ती पडद्यावर दिसते आणि अदृश्य होते, तर कधी प्रत करण्याचे काम मध्येच तुटते. हीच लक्षणे खरोखर बिघडलेल्या डिस्कचीही असतात. म्हणून डिस्क निकामी ठरवण्यापूर्वी तिला आखूड व चांगली तार लावून, इतर उपकरणे काढून, दुसऱ्या सशक्त यंत्रावर एकदा तपासावे. तेथे ती सुरळीत चालली तर दोष विजेचा होता हे स्पष्ट होते. तेथेही तोच आवाज आला तर मात्र ती पुन:पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नाने आतील इजा वाढण्याचा धोका असतो. अशा वेळी जाणकाराकडे जाणे इष्ट.

विजेचा तुटवडा कायमचा असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. मग डिस्कला वीज हबकडून मिळते आणि लॅपटॉपवर भार पडत नाही. दोन यूएसबी टोके असलेली तारही मिळते, ती दोन पोर्टमधून वीज एकत्र करते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचीही गरज असल्याने तिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतोच. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीला सुरुवातीचा तो झटका लागत नाही. तथापि अतिवेगवान एसएसडीही लिहिताना जुन्या पोर्टच्या आवाक्याबाहेरची वीज मागू शकते.

अडॅप्टरची निवड

जुन्या लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर हरवलेला असतो आणि बाजारातून मिळेल तो आणला जातो. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. व्होल्टचा आकडा यंत्राच्या तळाशी छापलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पिनेच्या मध्याची व बाहेरची ध्रुवता तीच असली पाहिजे. अँपिअरचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा त्याहून अधिक असावा, कमी नसावा. अँपिअर अधिक असल्याने अपाय होत नाही, कारण यंत्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते.

उदाहरणार्थ, १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर असे छापलेला अडॅप्टर सुमारे ६५ वॅटचा असतो. लॅपटॉप काम करताना ३० वॅट घेत असेल, त्याच वेळी बॅटरी भरण्यास २५ वॅट लागत असतील आणि डिस्क पाच वॅट मागत असेल, तर बेरीज ६० होते. ६५ वॅटचा अडॅप्टर हा भार कसाबसा पेलतो. तेथे ४५ वॅटचा लावला तर तो तापतो, यंत्र मंदावते किंवा बॅटरी भरणेच थांबते. यास्तव मोठे काम हाती घेण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे २५ वॅटचा भार आपोआप उतरतो.

वीज गेली तर

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात झाडे व फांद्या तारांवर पडून पुरवठा खंडित होतो. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे तो चालूच राहतो आणि वापरणारा निर्धास्त असतो. मात्र साडेतीन इंची डिस्कचा अडॅप्टर भिंतीतील सॉकेटवर असतो. वीज जाताच ती डिस्क लिहिता लिहिता थांबते. लॅपटॉप जिवंत असला तरी अर्धवट लिहिलेली माहिती आणि कधी संपूर्ण डिस्कची अनुक्रमणिका खराब होते. स्वतंत्र अडॅप्टरच्या हबवरील लहान डिस्कचीही तीच गत होते. म्हणून मोठी डिस्क आणि असा हब नेहमी यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर ठेवावा. पोर्टमधूनच वीज घेणाऱ्या लहान डिस्कला लॅपटॉपच्या बॅटरीचे संरक्षण मिळते. मात्र ती बॅटरी मृत झालेली असेल तर हे संरक्षणही उरत नाही.

बॅटरी किती वेळ साथ देईल याचा अंदाज काढता येतो. ११.१ व्होल्ट व ४,४०० मिलिअँपिअर-तास असे छापलेली नवी बॅटरी सुमारे ४८ वॅट-तास देते. वयोमानाने ती निम्मी उरली असेल तर २४ वॅट-तास राहतात. लॅपटॉप व डिस्क मिळून २७ वॅट खर्च होत असतील तर ही बॅटरी एक तासही पुरत नाही. उलट, यूएसबी २.० मधून माहिती सेकंदाला सुमारे ३० एमबी या गतीने जाते. १०० जीबीची प्रत करण्यास जवळजवळ एक तास आणि ५०० जीबीला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. या दोन आकड्यांची तुलना केली की निष्कर्ष उघड आहे. मोठी प्रत एका दमात करू नये. तिचे लहान भाग करावेत, प्रत्येक भाग उघडून तपासावा आणि मगच पुढचा घ्यावा. काम संपल्यावर डिस्क सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊनच तार ओढावी.

उष्णतेचा मार्ग

लॅपटॉपने घेतलेल्या विजेचे अखेर जवळजवळ सर्वस्वी उष्णतेत रूपांतर होते. ३० वॅट घेणारे यंत्र खोलीत ३० वॅटची शेगडीच असते. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी आत तांब्याची नळी, धातूची पातळ पाती आणि छोटा पंखा असतो. काही वर्षांत पात्यांमध्ये धूळ व तंतू यांचा थर बसतो. प्रोसेसर आणि नळी यांच्यामधील उष्णतावाहक लेप सुकतो. मग तेच काम करताना तापमान वाढते. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र अचानक बंद पडते. त्या वेळी डिस्कवर लेखन चालू असेल तर परिणाम वीज जाण्यासारखाच होतो.

लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर ठेवल्यास तळाची हवेची वाट बंद होते. तो टणक व सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि मागच्या बाजूस दोन लाकडी पट्ट्या लावून बोटभर उचलावा. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. वाऱ्याचा झोत मारताना पंख्याचे पाते अडवून धरावे, नाहीतर ते अतिवेगाने फिरून खराब होते.

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली दुपारी तापमान याहून चढते. म्हणून मोठ्या प्रती पहाटे किंवा रात्री कराव्यात. बाह्य डिस्कला पंखा नसतो, तिची उष्णता केवळ वेष्टनातून बाहेर पडते. ती लॅपटॉपवर, लॅपटॉपखाली किंवा त्याच्या गरम झोतासमोर ठेवू नये आणि कापडी पिशवीत असताना चालवू नये. अनेक डिस्कसाठी साठ अंश ही कमाल मर्यादा असते. तापमान दाखवणारी साधी प्रणाली वापरून ते पन्नासच्या खाली राखणे श्रेयस्कर. डिस्क चालू असताना हलवणेही धोक्याचे आहे, कारण तिचे वाचक-टोक तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते.

फुगलेली बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. पूर्ण भरलेली बॅटरी सतत उष्णतेत राहिली तर ती लवकर म्हातारी होते. आत वायू तयार होऊन ती फुगते. लॅपटॉप टेबलावर डोलू लागला, स्पर्शफलक वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. यंत्र बंद करून ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावे आणि तंत्रज्ञाकडून बॅटरी काढून घ्यावी. ती कचऱ्यात किंवा चुलीत टाकल्यास आग लागू शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनुसार टाकाऊ बॅटरी व ई-कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावयाचा असतो.

ओल आणि अर्थिंग

पावसाळ्यात थंड जागेतून दमट खोलीत आणलेल्या डिस्कवर बाष्प जमते. तिला अर्धा तास तसेच ठेवून मग जोडावे. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा जोड लावून अर्थिंग तोडू नये. घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असून त्यात सहा टक्क्यांपर्यंतचा चढउतार नियमांत बसतो. त्याहून मोठे झटके येत असतील तर चांगल्या प्रतीचा सर्ज संरक्षक बोर्ड वापरावा आणि विजा कडाडत असताना प्लग सरळ काढून ठेवावा.

अखेरची खबरदारी

एवढी काळजी घेतली तरी कोणतीही डिस्क अमर नसते. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या निदान दोन प्रती असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत असाव्यात. बचत गटाची एक प्रत अध्यक्षांकडे व दुसरी सचिवांकडे, शाळेची एक प्रत कार्यालयात व दुसरी मुख्याध्यापकांच्या घरी, अशी व्यवस्था करण्यास फारसा खर्च येत नाही. तिमाहीतून एक दिवस ठरवून दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात.

जुने यंत्र वापरणे ही काटकसर आहे आणि ती स्तुत्यही आहे. पण बैलाचे वय पाहून शेतकरी त्याच्यावर ओझे घालतो, तद्वत जुन्या लॅपटॉपची शक्ती पाहूनच त्याला काम सांगितले पाहिजे. त्याला किती वीज मिळते आणि त्याची उष्णता कोठून बाहेर पडते, हे दोन प्रश्न डिस्क जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारले, तर असे यंत्र आणखी काही वर्षे इमानेइतबारे सेवा देईल आणि गावाचा लेखी ठेवाही सुरक्षित राहील.