मका पिवळा पडला, पण युरिया नको

प्रश्न : मुरारजवळच्या आमच्या शेतातला मका गुडघाभर झालाय. कोवळी पानं पांढुरकी पडली म्हणून युरिया दिला, फरक नाही. आणखी देऊ का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : नको, थांबा. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेलगत पिवळी होत जातात. तुमची तर कोवळी पानं फिकट आहेत. एक पान उन्हात धरून पाहा. बुडाकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरट पट्टे आणि कडा हिरव्या असतील, तर जस्त कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत, त्यातही डीएपीचा हात सैल असेल तर, हे हमखास होतं. पानभर हिरव्या-पिवळ्या बारीक रेघा असतील, तर मात्र लोहाची शंका घ्या.

जस्तासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विरलेल्या चुन्याची गाळलेली निवळी घालून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. त्यात डीएपी किंवा कीटकनाशक मिसळू नका. पांढरी झालेली पानं पुरती सुधारणार नाहीत, पण नवी हिरवी येतील. पीक हातचं गेलेलं नाही. काढणीनंतर कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घ्या. जस्त कमी निघालं तर पेरणीपूर्वी एकरी 10 किलो झिंक सल्फेट मातीत मिसळा.