उसावरील खवले कीड : तिचें अंग व तिची ओळख

प्रवरेच्या पाटाखालीं ज्या मंडळ्या आहेत त्यांतील पुष्कळ कुटुंबांचें पोट उसावर चालतें. कोणी स्वतःच्या रानांत ऊस लावितो, कोणी दुसऱ्याच्या रानांत लावणीस, खुरपणीस अथवा तोडणीस जातो. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, व १९५० सालीं प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हांपासून या भागांत उसाचें महत्त्व वाढतच गेलें. या पिकास लागणारी एक कीड मात्र अशी आहे कीं, ती डोळ्यांसमोर असूनहि पुष्कळांस कीड वाटत नाहीं. कांड्यावर राखी-काळसर ठिपके दिसतात. एक म्हणतो, ही बुरशी. दुसरा म्हणतो, हा मातीचा डाग. ठिपका हालत नाहीं, उडत नाहीं, त्याला पाय दिसत नाहींत; मग त्याला जीव कोण म्हणेल? परंतु त्या ठिपक्याखालीं जीव असतो, आणि तो रात्रंदिवस उसाचा रस पीत असतो. हिलाच खवले कीड म्हणतात. सिलोनांतील कीटकशास्त्रज्ञ ग्रीन यांनीं १९०३ सालीं हिचें शास्त्रीय वर्णन केलें. हिचें आजचें शास्त्रीय नांव मेलानास्पिस ग्लोमेराटा असें आहे.

१. खवला म्हणजे काय?

वाचकांनीं प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, खवला हा किड्याच्या अंगाचा भाग नव्हे. तें त्यानें स्वतःवर घातलेलें छप्पर आहे. किडा आपल्या अंगांतून मेण सोडितो, आणि वाढतांना जी कात टाकितो ती त्या मेणांत बसवितो. मादीच्या खवल्यांत दोन काती असतात, नराच्या खवल्यांत एकच. म्हणून मादीचा खवला वाटोळा व मोठा, तर नराचा लहान व लांबट असतो. मादीचा खवलाहि फार तर मोहरीच्या दाण्याएवढा भरतो. पुष्कळ खवले एकमेकांस लागले म्हणजे कांड्यावर खरखरीत खपली धरते.

२. मादीचें अंग

बाभळीचा कांटा किंवा सुई घेऊन एक खवला कडेनें हलकेच उचलावा व भिंगांतून पाहावें. खवला सुटून वर येतो, आणि खालीं पिवळें, मऊ, पिशवीसारखें अंग दिसतें. या अंगाला पाय नाहींत, पंख नाहींत, डोळे नाहींत. मिशांच्या जागीं नुसते बारीक कोंब उरलेले असतात. डोकें, छाती व पोट हे वेगळाले भाग साध्या डोळ्यांस मुळींच ओळखूं येत नाहींत.

मग या जिवाजवळ आहे तरी काय? दोन साधनें आहेत. पहिलें तोंड. तोंडांतून केसाहून बारीक अशा चार सळ्या निघतात. त्या एकत्र जुळून एक नळी होते. या सळ्या किड्याच्या अंगाहूनहि लांब असतात. नळींतील एका वाटेनें लाळ उसांत जाते व दुसऱ्या वाटेनें रस वर येतो. नळी एकदां आंत शिरली म्हणजे मादी त्या जागेवर मरेपर्यंत खिळून राहते. दुसरें साधन शेपटाकडील भाग. पोटाचीं शेवटचीं वेढीं एकमेकांस जुळून नांगराच्या फाळासारखा एक चपटा व कठीण भाग झालेला असतो. त्याच्या कडेवर दांते व बारीक छिद्रें असतात. त्या छिद्रांतून मेण निघतें, आणि याच भागानें मादी आपलें छप्पर बांधिते व वाढविते.

या जातीच्या किड्यांचे शेकडों प्रकार आहेत, आणि ते वरून सारखेच दिसतात. एक प्रकार दुसऱ्यापासून नक्की वेगळा करावयाचा असेल तर शास्त्रज्ञ या शेवटच्या भागाकडेच पाहतात. ते किडा क्षारांत घालून स्वच्छ करितात, त्याला रंग देऊन कांचेवर बसवितात, आणि दांते व छिद्रें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. हें काम शेतांत होण्यासारखें नाहीं. परंतु शेतकऱ्यास पुरेल एवढी ओळख भिंगानें होते.

३. पिलूं व नर

मादी आपल्या खवल्याखालींच पिलांस जन्म देते. पिलूं मात्र आईसारखें पांगळें नसतें. त्याला सहा पाय, दोन मिशा व डोळे असतात. रंग फिकट पिवळा. तें खवल्याखालून बाहेर पडून थोडा वेळ हिंडतें आणि मऊ कांडें शोधून, पानाच्या देठाचें आवरण कांड्यास जेथें बिलगलेलें असतें तेथें शिरतें. वाऱ्यानें पिलें एका रानांतून दुसऱ्या रानांत जातात. एकदां सोंड रोवली कीं, पहिल्याच कातीबरोबर मादीचे पाय जातात. नराचें तसें नाहीं. तो शेवटीं पंखांची एक जोडी घेऊन उडतो. पण त्याला खाण्याचें तोंडच नसतें, आणि तो लवकरच मरतो.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाची गोष्ट ही कीं, औषध लागूं पडतें तें मुख्यत्वें उघड्या हिंडणाऱ्या पिलांस. खवल्याखालीं बसलेल्या मादीवरून फवारा छपरावरून पाणी जावें तसा ओघळून जातो.

४. इतर किडींहून वेगळी कशी ओळखावी?

पिठ्या ढेकूण हा खवले किडीचा भाऊबंद आहे. सीताफळ, द्राक्ष व डाळिंब यांवर तो पुष्कळ दिसतो. त्याच्या अंगावर पांढरें पीठ असतें, पण वेगळा उचलतां येणारा खवला नसतो; मादीचे पायहि शेवटपर्यंत राहतात. शिवाय तो गोड चिकटा सोडितो. त्या चिकट्यावर मुंग्या येतात व काळी बुरशी धरते. उसावरील खवले कीड चिकटा सोडीत नाहीं. म्हणून चिकटा नाहीं, मुंग्यांची रांग नाहीं, आणि कांट्यानें उचलल्यावर छप्पर अंगापासून सुटतें, या तीन खुणा ध्यानांत ठेवाव्या.

आतां चौथी खूण, जी सर्वांत उपयोगी आहे. किडा मेला तरी खवला कांड्यावर तसाच राहतो. म्हणून ठिपके मोजून कीड किती हें कळत नाहीं. दहा-वीस खवले उचलून पाहावे. खालीं पिवळें रसरशीत अंग असेल तर कीड जिवंत आहे. वाळलेला तपकिरी चुरा असेल तर ती मेली आहे. खवल्यावर वाटोळें भोंक दिसल्यास समजावें कीं, एखाद्या सूक्ष्म गांधीलमाशीनें आंत वाढून तिचा नाश केला आहे. काळे चकचकीत ढालकिडेहि हे खवले फोडून खातात. ते आपले चाकर आहेत, त्यांस मारूं नये.

५. ओळख चुकली तर?

किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा हाहि याच मोठ्या कुळांतला. तो निवडुंगावर राहतो. त्याच्या रंगाचा व्यापार हिंदुस्थानांत व्हावा म्हणून १७९५ सालीं कॅप्टन नीलसन यांनीं ब्राझील देशांतून असे किडे बंगाल्यांत आणिले. लोकांस वाटलें, हाच तो खरा किडा. पण तो दुसराच निघाला. रंग हलका पडला, आणि किड्यानें एका जातीचें निवडुंग मात्र खाऊन टाकिलें. पुढें दुसऱ्या एका जातीचें निवडुंग रानोरान माजलें. पहिला किडा त्याला तोंड लावीना. तेव्हां त्याच कुळांतला आणखी एक किडा १९२६ सालीं सिलोनांतून आणावा लागला, आणि त्यानें तें निवडुंग हटविलें. दिसण्यांत हे किडे इतके सारखे. पण एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.

आपल्या शेतांतहि असेंच घडतें. पिठ्या ढेकणास खाणारा क्रिप्टोलिमस नांवाचा ढालकिडा १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतून आपल्या देशांत आणिला गेला. त्याची अळी अंगावर पांढरें मेण बाळगिते व हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ज्यास ही ओळख नाहीं तो शत्रु समजून मित्रावरच विष घालितो. कर्ज काढून घेतलेलें औषध असें मेलेल्या खवल्यांवर किंवा मित्रावर खर्च झालें, तर पैसा गेला, पीकहि गेलें, आणि कर्ज तेवढें राहिलें.

६. शेतकऱ्यानें काय करावें?

खवले असलेल्या उसाचें बेणें घेऊं नये, मग तें उसनें किंवा फुकट मिळत असलें तरी. कीड नव्या रानांत जाण्याची मोठी वाट हीच आहे. लावणीपूर्वीं टिपऱ्यांवरील पाचट काढून प्रत्येक डोळा व कांडें पाहावें. उभ्या पिकांतील खालचें वाळलेलें पाचट काढीत जावें, म्हणजे पिलांचा आसरा तुटतो. कीड भारी असल्यास त्या रानांत खोडवा ठेवूं नये. संशय वाटल्यास कांड्याचा तुकडा कागदांत बांधून, गांव, तारीख व उसाची जात लिहून, तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यास किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत दाखवावा, आणि औषध कोणतें व किती हें त्यांस विचारूनच वापरावें.

७. उपदेशकांसाठीं

निर्गमाच्या २६ व्या अध्यायांत निवासमंडपाच्या पडद्यांचा किरमिजी रंग सांगितला आहे. तो रंग त्या देशांत ओक झाडावरील एका खवले कीटकापासून काढीत असत; इब्री भाषेंत त्या रंगाच्या नांवांतच कीटकाचें नांव आहे. यशया १:१८ शिकवितांना हें सांगितल्यास मंडळीस वचन स्पष्ट होईल. परंतु आपल्या उसावरील कीड ती नव्हे, व तिच्यापासून रंग निघत नाहीं, हेंहि सांगावें. धर्मोपदेशांतहि ओळख खरी असली पाहिजे.

१ शमुवेल १६:७ हें वचन या धड्यास जोडून वाचावें. माणूस बाहेरचें पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. मंडळींत कोणी शांत, न हालणारा, निरुपद्रवी दिसतो, आणि छपराखालीं दुसऱ्याचा रस शोषीत असतो. कोणी बाहेरून डागाळलेला दिसतो, पण त्याच्या आंतील जुनें पाप केव्हांच मेलेलें असतें व नुसता खवला उरलेला असतो. बंधूवर ठपका ठेवण्यापूर्वीं हें आठवावें; आणि स्वतःच्या अंतःकरणावरील खवला मात्र देवासमोर आपणच उचलावा.

धड्यावरील प्रश्न

१. खवला व किड्याचें अंग यांत भेद काय?
२. मादीस पाय नसतां ही कीड पसरते कशी?
३. खवले कीड व पिठ्या ढेकूण यांतील तीन भेद सांगा.
४. मेलेली कीड व जिवंत कीड कशी ओळखावी?
५. १७९५ सालच्या गोष्टीवरून शेतकऱ्यानें काय शिकावें?