पन्नाशीनंतरचे अजिंक्यपद

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा साहेब, लांबवर पसरलेली हिरवळ आणि मागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या एवढेच चित्र उभे राहते. खेळाचे नियम आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतील. मैदानात अठरा खळगे असतात, त्यांना ‘होल’ म्हणतात. काठीने चेंडू टोलवीत एकेका होलमध्ये घालावयाचा आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी, इतके समजले तरी प्रस्तुत लेखापुरते पुरे आहे. या खेळात धावाधाव नसते. त्यामुळे क्रिकेटपटू ज्या वयात समालोचन करू लागतो, त्या वयात गोल्फपटू खेळत असतो. केवळ पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिकांसाठी अमेरिकेत एक मोठी अजिंक्यपद स्पर्धा भरते. ज्येष्ठांच्या मोठ्या स्पर्धांपैकी ती सर्वांत जुनी होय. तिचा इतिहास चाळू लागलो तेव्हा विजेत्यांच्या यादीपेक्षा त्या यादीच्या जवळपासही ज्यांना फिरकू दिले गेले नाही त्यांची हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटली.

गोल्फ शिकविणाऱ्या व खेळणाऱ्या व्यावसायिकांनी १९१६ मध्ये ‘प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापन केली. तिचे संक्षिप्त नाव पी.जी.ए. तिच्या वयस्क सदस्यांसाठी पहिली स्पर्धा १९३७ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावर झाली. थोर खेळाडू बॉबी जोन्स हा या क्लबचा एक संस्थापक. त्यानेच संघटनेला आपले मैदान देऊ केले होते. क्लबचे सदस्य आल्फ्रेड बोर्न यांनी चषक दिला आणि आजही विजेत्याला मिळणारा चषक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिला विजेता जॉक हचिसन, दुसऱ्या वर्षीचा फ्रेड मॅकलिऑड. दोघेही जन्माने स्कॉटिश, पोटासाठी अमेरिकेत आलेले, आणि तरुणपणी मोठ्या स्पर्धा जिंकून चुकलेले. म्हाताऱ्यांचा खेळ पाहावयास कोण येणार, असा प्रश्न त्या काळी कुणाला पडला असेल तर तो अगदीच चुकीचा नव्हता. कारण १९३९ मध्ये स्पर्धा झालीच नाही. १९४० पासून ती फ्लॉरिडात नेण्यात आली, १९४३ व १९४४ ही दोन वर्षे महायुद्धाने खाल्ली आणि नंतर बराच काळ ती डनीडिन या गावी भरत राहिली.

पुढील काळातील सर्वांत मोठे नाव सॅम स्नीड याचे. १९६४ ते १९७३ या दहा वर्षांत त्याने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली. अखेरच्या विजयाच्या वेळी तो साठ वर्षांचा होता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा त्याला पंधरा फटके कमी लागले. हा विक्रम वाचून वयाबद्दलची आपली समजूत तपासून पाहावीशी वाटते. स्नीडनेही लहानपणी इतरांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. अशा मुलाला ‘कॅडी’ म्हणतात. श्रीमंतांच्या या खेळातले कित्येक थोर खेळाडू कॅडीतूनच वर आले. मालकाची पिशवी वाहता वाहता नजर तयार होते, आणि संध्याकाळी मैदान रिकामे झाले की उसनी काठी हाती येते. या अर्थाने खेळाचे दार गरिबाला अगदीच बंद नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. पण गरीब गोरा असला तर.

१९३४ पासून पी.जी.ए.च्या घटनेत एक कलम होते. ‘कॉकेशियन’ वंशाच्या, म्हणजे गोऱ्या व्यावसायिकांनाच सदस्य होता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. सदस्य नसेल त्याला ज्येष्ठांच्या स्पर्धेतही जागा नाही. म्हणजे काळ्या माणसाला तरुणपणी खेळू द्यावयाचे नाही आणि म्हातारपणीही नाही, अशी सोय एकाच कलमाने झाली होती. ज्या ऑगस्टाच्या मैदानावर या स्पर्धेचा जन्म झाला, तेथे कॅडी मात्र काळेच असत. पिशवीला वर्णाची अडचण नव्हती, काठीला होती.

या कलमाविरुद्ध झगडणाऱ्यांत बिल स्पिलर याचे नाव मला सर्वांत आधी घ्यावेसे वाटते. तो पदवीधर होता. शिक्षण घेऊनही मनाजोगी नोकरी मिळेना, म्हणून लॉस एंजलिसच्या रेल्वे स्थानकावर तो हमाली करीत असे. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढली जात आहे अशा माझ्यासारख्याला एवढी माहिती वाचून क्षणभर थांबावे लागले. स्पिलर गोल्फ शिकला तो वयाची पंचविशी उलटल्यावर. १९४८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेत पहिल्या दिवशी त्याने अठरा होल ६८ फटक्यांत पुरे केले आणि बेन होगनसारख्या रथीमहारथीच्या पंक्तीला तो जाऊन बसला. तो आणि त्याचा सहकारी टेड रोड्स नियमाप्रमाणे रिचमंड येथील पुढच्या स्पर्धेस पात्र ठरले. तेथे जाऊन त्यांनी सराव सुरू केला, तोच त्यांना सांगण्यात आले की तुम्ही संघटनेचे सदस्य नाही, सबब खेळता येणार नाही. सदस्य का नाही, तर काळे म्हणून. दोघांनी मॅडिसन गंटर या तिसऱ्या खेळाडूसह दावा लावला. यापुढे भेदभाव करणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला गेला. मग स्पर्धांना ‘निमंत्रितांची स्पर्धा’ असे नाव देण्याची युक्ती निघाली. निमंत्रण कुणाला धाडावयाचे हे यजमानाच्या मर्जीवर! शब्द पाळला आणि माणूसही दाराबाहेर राहिला.

चार्ली सिफर्ड हा यांच्यानंतरचा. उत्तर कॅरोलायनातील शार्लट गावी १९२२ मध्ये त्याचा जन्म झाला. तोही कॅडी. महायुद्धात ओकिनावाच्या मोहिमेवर जाऊन आला, नंतर बिली एकस्टाइन या गायकाला गोल्फ शिकवीत पोट भरू लागला. काळ्यांच्या वेगळ्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद त्याने सहा वेळा मिळविले. १९५२ मध्ये फीनिक्स येथे काही काळ्या खेळाडूंना प्रवेश मिळाला, त्यांत तो होता. पहिल्याच होलपाशी पोहोचून पाहतात तो खळग्यात कुणी मानवी विष्ठा भरून ठेवलेली. तो साफ होईपर्यंत खेळाडू उभे राहिले आणि मग खेळले. १९६१ मध्ये ग्रीन्सबरो येथे त्याला दूरध्वनीवरून जिवे मारण्याची धमकी आली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांतील एक टोळके शिव्या देत त्याच्या मागोमाग फिरले. त्या स्पर्धेत तो चौथा आला. चौथ्या क्रमांकाची इतकी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

कलम गेले ते १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये. ते केवळ मनाच्या मोठेपणाने गेले नाही. स्पिलर त्या सुमारास कॅडीचे काम करीत होता. ज्याची पिशवी तो वाही त्या गृहस्थाला त्याने आपले गाऱ्हाणे सांगितले आणि त्या गृहस्थाने ते कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्या कानी घातले. असा भेद पाळणाऱ्या संघटनेला राज्यातील सार्वजनिक मैदाने वापरता येणार नाहीत, असे मॉस्क यांनी बजावले. पी.जी.ए.ने १९६२ ची आपली मुख्य स्पर्धा लॉस एंजलिसमधून पेनसिल्व्हेनियात हलवून पाहिली. पण असे किती राज्यांतून पळणार? शेवटी कलम वगळावे लागले.

स्पिलर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी तो ज्येष्ठांच्या वयात बसला. वय बसले, सदस्यत्वाचा कागद मात्र त्याला मिळाला नाही.

सिफर्डच्या बाबतीत काळाने थोडी दया दाखविली. १९६७ मध्ये हार्टफर्ड व १९६९ मध्ये लॉस एंजलिस येथील स्पर्धा त्याने जिंकल्या, आणि १९७५ मध्ये पन्नाशी ओलांडलेला सिफर्ड ज्येष्ठांच्या अजिंक्यपदासाठी उतरला. फ्रेड वॉम्प्लरशी त्याची बरोबरी झाली. जादा होलवर त्याने वॉम्प्लरला हरविले. ज्या संघटनेने त्याची उमेदीची वर्षे वेशीबाहेर घालविली, तिच्याच ज्येष्ठांचा चषक त्याच्या हाती आला. त्याच वर्षी ऑगस्टाच्या प्रसिद्ध ‘मास्टर्स’ स्पर्धेत ली एल्डर हा पहिला काळा खेळाडू उतरला. सिफर्डला मात्र ऑगस्टाचे निमंत्रण कधीच आले नाही. काहीजण या घटनेला न्याय झाला असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. बावन्नाव्या वर्षी मिळालेला चषक हा तिसाव्या वर्षी हिरावलेल्या संधीची भरपाई कशी होईल? पण ज्येष्ठांची ही स्पर्धा नसती तर तेवढेही हाती पडले नसते, हेही खरे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९८० पासून ज्येष्ठांच्या स्पर्धांची स्वतंत्र मालिका सुरू झाली, त्याच वर्षी अर्नोल्ड पामरने हे अजिंक्यपद जिंकले आणि पैसा व प्रेक्षक दोन्ही आले. तारखांची ओढाताण इतकी की १९७९ आणि १९८४ या वर्षांत स्पर्धा दोनदोनदा झाली, १९८३ मध्ये मुळीच नाही. हेल अर्विनने ती चार वेळा जिंकली. २००१ पासून फ्लॉरिडातला मुक्काम हलवून ती निरनिराळ्या राज्यांत भरू लागली, आणि २०१३ मध्ये कोकी इदोकी हा जपानी खेळाडू अमेरिकेत प्रथमच खेळावयास येऊन विजेता झाला.

सिफर्डला २००४ मध्ये गोल्फच्या जागतिक कीर्तिमंदिरात स्थान मिळाले, २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते पदक मिळाले आणि २०१५ मध्ये तो वारला. त्यापूर्वी, २००९ मध्ये, पी.जी.ए.ने तीन काळ्या खेळाडूंना सदस्य करून घेतले. त्यांपैकी जॉन शिपेन हा १८९६ ची अमेरिकन खुली स्पर्धा खेळलेला, दुसरा टेड रोड्स आणि तिसरा बिल स्पिलर. सदस्यत्व मरणोत्तर होते. शिपेनला जाऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती, रोड्सला चाळीस आणि स्पिलरला एकवीस.