फोटोच्या पाठीवर नाव लिहा

जत्रेतला फोटोवाल्याचा तंबू पुष्कळांनी पाहिला असेल. आत एक रंगवलेला पडदा असायचा. पडद्यावर कुठे मोटार, कुठे विमान, कुठे ताजमहाल. नवे लुगडे नेसून, पटका सावरून नवराबायको त्याच्यापुढे बसत. "हलू नका!" असे फोटोवाला म्हणाला, की माणसे श्वास रोखून धरीत.

काही फोटोवाल्यांजवळ लाकडी पेटीचा कॅमेरा असे. त्याला मिनिट कॅमेरा म्हणत. ही पेटी म्हणजेच अंधारी खोली. फोटोवाला काळ्या कापडाच्या बाहीतून हात आत घाली. आत औषधाची दोन भांडी असत. त्यांत कागद बुडवला की आधी उलटा फोटो उमटे. काळे केस पांढरे दिसत आणि पांढरे धोतर काळे दिसे. त्या उलट्या फोटोचा पुन्हा एक फोटो काढला, की तो सुलटा होई. मग बादलीतल्या पाण्यात धुऊन तो गिऱ्हाइकाच्या हाती देत.

हेच काम यंत्राने व्हावे, म्हणून अनातोल जोसेफो नावाच्या माणसाने खटपट केली. हा सैबेरियात जन्मलेला. 1925 साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात त्याने आपले यंत्र मांडले. ते यंत्र म्हणजे लहानशी खोलीच. आत जाऊन बसायचे. 25 सेंटांत, म्हणजे पाव डॉलरात, 8 फोटोंची पट्टी मिळे. वेळ लागे 8 मिनिटे. पहिल्या सहा महिन्यांत 2 लाख 80 हजार माणसांनी तिथे फोटो काढले. अशा जुन्या यंत्रांचे शौकीन परदेशांत अजून मेळावे भरवतात. कोणी मोडकी यंत्रे दुरुस्त करतो, तर कोणी कलावंत त्या पट्ट्यांतून चित्रे रचतो.

आपल्याकडेही ही हौस जुनीच. मुंबईत 1854 साली फोटोच्या शौकिनांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे फोटोवाले राजा दीनदयाळ. त्यांनी 1892 साली हैदराबादेत फक्त बायकांसाठी स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती.

राजेरजवाड्यांच्या फोटोंखाली नावे लिहिली गेली. म्हणून ते कोण होते, हे आज कळते. गोरगरिबांचे फोटो जत्रेत निघाले, पण नाव लिहिणार कोण? ना फोटोवाल्याला सवड, ना घरात कुणाला अक्षर येई.

आम्ही ढोकीत एका संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर जमलो. घरातले जुने फोटो घेऊन यावे, असे सगळ्यांना सांगितले होते. कुणी ट्रंकेतले आणले, कुणी पोथीत जपलेले. एका फोटोत रंगवलेल्या मोटारीपुढे दोन तरण्या बाया उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हे मूल होते. ह्या कोण, हे कुणाला सांगता येईना. फोटो हातोहात फिरत एका म्हाताऱ्या आजींकडे गेला. आजी म्हणाल्या, "ही मी. ही माझी थोरली जाऊ. कडेवर तिची पहिली पोर. देवीच्या साथीत गेली."

त्या जावेचा मुलगा तिथेच बसला होता. त्याची साठी उलटलेली. आपल्याला बहीण होती, हे त्याला त्या दिवशी कळले.

आजींची सून आमच्या साक्षरता वर्गात येते. ती म्हणाली, "आत्याबाई, पोरीचं नाव सांगा." आजींनी नाव सांगितले. सुनेने पेन्सिल घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडून, ते फोटोच्या पाठीवर लिहिले. मग तिने तो चुलत दिरापुढे धरला. त्याने ते नाव दोनदा वाचून घेतले.

मंडळी, फोटोत चेहरा राहतो, पण नाव राहत नाही. ते आपल्याला लिहावे लागते. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्यावे.

लिहायचे कसे ते पाहा. फोटो स्वच्छ कापडावर पालथा ठेवावा. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. जोर दिला तर पुढच्या बाजूला वळ उठतात. शाईचा डाग पडतो, म्हणून शाई नको. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तेव्हा चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. नाव, नाते, गाव आणि साल, एवढे पुरे. साल आठवत नसेल तर "दुष्काळाच्या आदल्या वर्षी" असे लिहिले तरी चालेल. हल्ली फोटो मोबाइलमध्येच राहतात. त्यांतला एखादा कागदावर छापून घ्यावा आणि त्याच्यामागेही नाव लिहावे.

अभ्यास

1. मिनिट कॅमेऱ्यात उलटा फोटो सुलटा कसा होई?
2. फोटोमागे कोणत्या चार गोष्टी लिहाव्यात?
3. घरातला एक जुना फोटो काढा. त्यातली माणसे कोण, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहा.