बर्फ, पाऊस आणि टायरची पकड

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही बर्फावर गाडी चालवण्याचे शास्त्र येथील मराठी माणसाने समजून घ्यावे, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, नागपूर आणि त्याच्या आसपासच्या भागातून स्वतःची गाडी घेऊन थेट हिमाचलपर्यंत जाणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत, आणि शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने कॅनडा किंवा जर्मनीत गेलेली मुले पहिल्याच हिवाळ्यात बर्फाळ रस्त्याला सामोरी जातात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे: बर्फ जो धडा एका दिवसात शिकवतो, तोच धडा नागपूर–बैतूल महामार्ग, सावनेरहून सौंसरकडे येणारा रस्ता आणि सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारी सिल्लेवानीची घाटी पावसाळ्यात दरवर्षी शिकवतात. गाडी धावते इंजिनाच्या जोरावर, परंतु थांबते आणि वळते ती केवळ टायरच्या जोरावर, हा तो धडा होय.

मोटारगाडीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध चारच ठिकाणी येतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. इंजिनाची ताकद, ब्रेकचा दर्जा आणि चालकाचे कौशल्य यांचा परिणाम या चार तुकड्यांमधून रस्त्यापर्यंत पोहोचतो, आणि तेथील घर्षण संपले की बाकी सर्व साधने निरुपयोगी ठरतात. घर्षणाचे मोजमाप घर्षणगुणांक या संख्येने केले जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरसाठी ही संख्या ०.८ च्या आसपास असते, ओल्या रस्त्यावर ती ०.५ पर्यंत उतरते, दबलेल्या बर्फावर ०.२ च्या घरात येते आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे पूर्ण ब्रेक लावले, तर ती कोरड्या रस्त्यावर सुमारे १८ मीटरमध्ये, ओल्या रस्त्यावर सुमारे २८ मीटरमध्ये, दबलेल्या बर्फावर सुमारे ७० मीटरमध्ये आणि गोठलेल्या थरावर १४० मीटरच्या पुढे जाऊन थांबते, असे गणित सांगते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणाऱ्या एका सेकंदात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते, ते अंतर यात धरलेले नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. गाडीचे वजन किंवा किंमत या हिशेबात कोठेही येत नाही, आणि म्हणूनच महागडी गाडी आपोआप लवकर थांबते ही समजूत निराधार आहे.

टायरचे रबर नेहमी सारखेच वागत नाही. थंडी वाढत गेली की रबराची लवचीकता कमी होते आणि ते हळूहळू काचेप्रमाणे कडक अवस्थेकडे झुकते. हे कोणत्या तापमानाला घडेल ते रबराच्या मिश्रणावर अवलंबून असते. सर्वसाधारण उन्हाळी टायरची पकड तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यावर जाणवण्याइतकी घटू लागते, असा टायर उद्योगातील सर्वमान्य दंडक आहे. रस्ता पूर्ण कोरडा असला तरी हे घडते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण अधिक ठेवलेले असल्यामुळे तो शून्याखालीही मऊ राहतो. त्याच्या नक्षीत रुंद खोबणींबरोबरच शेकडो बारीक चिरा पाडलेल्या असतात, ज्या आपल्या धारेने बर्फाला पकडतात आणि वर साचणारा पाण्याचा पातळ पापुद्रा शोषून घेतात. फिनलंडमधील सुओमेन गुम्मितेहदास या कारखान्याने, ज्यातून पुढे नोकियन टायर्स ही कंपनी निघाली, १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास बर्फाचा टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारगाड्यांसाठी हाक्कापेलीट्टा हा टायर आणला. तेव्हापासून उत्तरेकडील देशांत ऋतू बदलला की टायर बदलण्याची रीत रूढ होत गेली.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अशा गाडीचे टायर रुंद आणि बुटक्या कडेचे असतात आणि त्यांचे मिश्रण गरम, कोरड्या रस्त्यावरील वेगासाठी घडवलेले असते. काही अतिवेगवान टायरांचे रबर गोठणबिंदूखाली इतके ठिसूळ होते की थंडीत गाडी नुसती हलवली तरी त्याला तडे जाण्याचा धोका संभवतो. रुंद टायर वजन पसरवतो, त्यामुळे ताज्या बर्फात तो रुतून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचण्याऐवजी वर तरंगत राहतो. गाडीचे पोट जमिनीलगत असल्याने साचलेला बर्फ तिला खालून उचलून धरतो, आणि ताकद मागच्या चाकांकडे जात असेल तर ॲक्सिलरेटरवर पाय थोडा जरी जास्त पडला तरी मागचा भाग बाजूला फिरतो. या कारणांमुळे थंड प्रदेशांतील जाणकार मालक हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवतात: रिम थोडी लहान, टायर थोडा अरुंद, कड थोडी उंच, मात्र चाकाचा एकूण व्यास मूळ चाकाइतकाच, म्हणजे वेगमापक आणि ब्रेकची प्रणाली यांचा हिशेब चुकत नाही. हिवाळी टायर चारही चाकांना लावणे आवश्यक असते. दोनच चाकांना लावले तर गाडीच्या एका टोकाला पकड राहते आणि दुसरे टोक घसरते, ज्यातून वळणावर गाडी गरकन फिरते.

अनुभवी चालक ज्या गैरसमजाविरुद्ध सर्वाधिक सावध करतात, तो चारचाकी प्रेरणेविषयीचा, म्हणजे बोलीभाषेत फोर-बाय-फोरविषयीचा आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्याने गाडी चढावर सहज निघते, आणि याच सहजतेमुळे रस्ता निसरडा आहे हे चालकाच्या लक्षात येत नाही. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबण्याच्या वेळी फोर-बाय-फोर गाडीला कोणताही वेगळा लाभ मिळत नाही. चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी यासाठी आहे; भुसभुशीत बर्फावर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. ही साधने उपलब्ध पकडीचा नीट वापर करतात, नवी पकड निर्माण करत नाहीत.

मनालीच्या पुढे, रोहतांग खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात तुटणारा लाहौलचा प्रदेश मैदानी चालकांच्या आवाक्यात आला. येथे येणाऱ्या मैदानी गाड्यांवर बहुधा उन्हाळी मिश्रणाचेच टायर असतात. अडचणीचा क्रम ठरलेला असतो: चढावर चाक फिरू लागले की चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, फिरणाऱ्या चाकाखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि तेथे पहिल्यापेक्षाही निसरडा थर तयार होतो. खरा धोका त्यानंतर उतारावर येतो. सावलीतल्या वळणावर रात्री गोठलेले पाणी डांबराच्या रंगात मिसळून जाते, ते दिसत नाही आणि ब्रेक दाबल्यावरच त्याचा पत्ता लागतो.

अशा ठिकाणी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच सोडावी, उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच वेग आवरू द्यावा, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर हलकेच लावावा आणि ब्रेक, स्टिअरिंग व ॲक्सिलरेटर यांपैकी एका वेळी एकाच गोष्टीचा वापर करावा. गाडी घसरू लागल्यास पाय उचलून जिकडे जायचे आहे तिकडे नजर आणि चाके ठेवावीत. टायरवर चढवण्याची साखळी ज्या चाकांना ताकद मिळते त्यांना लावावी, ताशी ५० किलोमीटरच्या आत राहावे आणि कोरडे डांबर लागताच ती काढावी. चाक आणि बॉडी यांमध्ये जागा कमी असलेल्या गाड्यांना साखळी लावण्याची मनाई असू शकते, म्हणून गाडीची पुस्तिका आधी पाहावी. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे २ पीएसआयने घटतो, तर उंची वाढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने मापकावरील आकडा वर सरकतो. या दोन्हींचा मेळ अंदाजाने बसत नाही, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी, टायर थंड असताना हवा मोजावी. प्रशासनाने गाड्या अडवल्या असतील तर वाद न घालता परतावे.

परदेशी राहणाऱ्यांसाठी हा विषय कायद्याचाही आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तेव्हा ते बंधनकारक असतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असलेलाच टायर ग्राह्य धरला जातो. टायरच्या बाजूवर एम अधिक एस अशी अक्षरे असली तरी ती मुख्यतः नक्षीच्या आकारावरून दिली जातात, तर डोंगर-हिमकणाचे चिन्ह बर्फावरील प्रत्यक्ष चाचणीनंतर मिळते. नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याने जुनी गाडी घेताना सर्वप्रथम हे चिन्ह शोधावे.

येथपर्यंत वाचून पांढुर्ण्यात हिवाळी टायर बसवावेत असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता, म्हणजे ७ अंशांची मर्यादा या भागातही क्वचित ओलांडली जाते. परंतु दुपारी ऊन तापते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेत हिवाळी टायरचे मऊ रबर झपाट्याने झिजते आणि ब्रेक लावताना गाडी अस्थिर वाटते. टायर ऋतूला आणि रस्त्याला साजेसा असावा, हे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू पडते.

या भागातला निसरडेपणा बर्फाऐवजी पावसातून आणि काळ्या मातीतून येतो. कपाशी आणि संत्र्याच्या शेतांतून ट्रॅक्टर-ट्रॉली डांबरी रस्त्यावर चढते तेव्हा चाकांबरोबर चिकण माती येते. या मातीतील खनिज पाणी शोषून फुगते आणि पातळ, गुळगुळीत थर तयार होतो. पहिल्या सरींत रस्त्यावरील धूळ आणि सांडलेले तेल वर येते, त्यामुळे संततधार पावसापेक्षा सुरुवातीचा अर्धा तास अधिक घातक ठरतो. सिल्लेवानीच्या वळणांवर बर्फासाठी सांगितलेले गाडी चालवण्याचे नियमही लागू होतात: ब्रेक वळणाआधी, गिअर खालचा, शिवाय अंतर दुप्पट, आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये नाही.

रस्त्यावर पाणी साचलेले असेल तर आणखी एक घटना घडते, जिला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. टायरच्या खोबणींना पुढचे पाणी बाजूला सारणे जमेनासे झाले की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. नासाच्या संशोधनातून निघालेल्या सूत्रानुसार ही सुरुवात होण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो: ३२ पीएसआय दाबाला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पीएसआयला सुमारे ८२ किलोमीटर येतो. हवा कमी असणारी गाडी म्हणूनच लवकर तरंगते. शोभेसाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर आणि मोठी रिम बसवण्याची जी हौस तरुणांमध्ये दिसते, तीही पावसाळ्यात महाग पडते, कारण रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. गाडी तरंगू लागल्यास ब्रेक न दाबता पाय उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे.

टायरची तपासणी घरच्या अंगणातही होऊ शकते. खोबणीच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की तो टायर कायद्यानेही बाद ठरतो; पावसाची पकड मात्र त्याआधीच, ३ मिलिमीटरच्या आसपास, ढासळू लागते, म्हणून गोटा होईपर्यंत टायर वापरणे ही काटकसर नव्हे. बाजूवरील चार अंकी आकड्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा, कारण उन्हात उभ्या गाडीचे रबर न झिजताही तडकते. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या माघारी पाठवण्यास सुरुवात केली, ती याच जाणिवेतून.

नवी गाडी घेताना पांढुर्णा-सौंसरच्या कुटुंबात इंजिन, रंग आणि सनरूफ यांची चर्चा होते, त्या चर्चेत टायरला पहिले स्थान मिळावे. मृगाच्या आधी चारही टायर आणि स्टेपनी तपासून घ्यावी, हिमाचलला निघताना साखळी सोबत ठेवावी, आणि परदेशी असलेल्या मुलाला फोनवर जेवणाची विचारपूस करताना हिवाळी टायर बसवले का, हेही प्रत्येक पालकाने आवर्जून विचारावे.